विसरला, की दिसलेच नाही? जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर स्मृतीचा प्रयोग आखताना

हौदात सोडलेला काळा उंदीर साठ सेकंद पोहतो, उभे राहण्यासाठी पाण्याखाली दडवलेला चौथरा त्याला सापडत नाही, आणि वहीत नोंद होते की जनुक काढून टाकलेल्या उंदराची स्मृती कमकुवत आहे. ही नोंद बहुतेक वेळा घाईची असते. चौथऱ्याची जागा तो विसरला असेल हे शक्य आहे. पण ज्यांवरून ती जागा ओळखायची त्या भिंतीवरच्या खुणा त्याला दिसल्याच नसतील, त्याचे पाय लवकर थकत असतील, थंड पाण्याने तो गारठला असेल, किंवा घाबरून तो हौदाच्या कडेकडेनेच फिरत राहिला असेल, आणि या चारही कारणांनी वहीतला आकडा तोच येईल. जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर शिकण्याचा आणि स्मृतीचा अभ्यास करणे म्हणजे मुख्यतः ही इतर कारणे एकामागून एक बाद करत जाणे होय. गोव्यातील महाविद्यालयांतून जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकून संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी या प्रयोगाविषयी विचारतात, तेव्हा त्यांना हौदाची मापे हवी असतात. ती पुढे दिली आहेत. परंतु प्रयोग बहुधा हौदापर्यंत पोहोचण्याआधीच्या कामांत टिकतो किंवा फसतो, म्हणून त्या कामांना येथे अधिक जागा दिली आहे.

प्रश्न आधी, उंदीर नंतर

मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणींसाठी आवश्यक आहे हे १९५३ पासून स्पष्ट होत गेले. त्या वर्षी अपस्मारावरील शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाची नव्या घटना लक्षात ठेवण्याची क्षमता गेली. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवले, की चेतापेशींच्या जोडणीला वेगाने विद्युत् उद्दीपन दिल्यास ती जोडणी तासन्‌तास बळकट राहते. आठवण अशाच बळकट झालेल्या जोडण्यांत साठत असेल का, हा प्रश्न औषधे देऊन तपासता येत होता, पण औषध मेंदूभर पसरते आणि एकापेक्षा अधिक प्रथिनांना चिकटते. उंदरातील एकच जनुक नेमके निकामी करण्याची सोय मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामामुळे झाली व त्याबद्दल त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९२ साली सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्सिनो सिल्वा यांनी अल्फा-कॅमके-टू या एन्झाइमचे जनुक नसलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील जोडण्या नीट बळकट होत नव्हत्या आणि हौदातही ते मागे पडत होते. त्याच वर्षी एरिक कँडेल यांच्या गटाने फिन या जनुकाबाबत तसाच संबंध दाखवला.

या दोन्ही प्रयोगांवर एक आक्षेप लगेच येतो, आणि नव्या विद्यार्थ्याने तो स्वतःच्या प्रयोगावर पहिल्याच दिवशी घ्यावा. जनुक गर्भावस्थेपासून आणि साऱ्या शरीरात नसेल, तर मेंदूची घडणच निराळी झाली असेल. मग दिसणारा दोष स्मृतीचा म्हणायचा, की घडणीचा? या आक्षेपावरचे उत्तर क्री आणि लॉक्सपी या जोडीने दिले. क्री हे पी-वन या जिवाणूभक्षक विषाणूतील एन्झाइम आहे, आणि लॉक्सपी ही त्याला ओळखता येणारी ३४ अक्षरांची डीएनएची खूण आहे. जनुकाच्या दोन्ही बाजूंना ही खूण बसवली, की जनुक एरवी व्यवस्थित चालते, मात्र ज्या पेशीत क्री तयार होते तेथे दोन खुणांमधला तुकडा कापून टाकला जातो. १९९६ साली जो त्सिएन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने एनएमडीए ग्राही या, जोडणी बळकट होण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाचा आवश्यक घटक मुख्यतः हिप्पोकॅम्पसच्या सीए-वन या पट्ट्यातच आणि तोही जन्मानंतर काढून टाकला. ते उंदीर इतर बाबतींत धडधाकट वाढले, पण जागा लक्षात ठेवण्यात कमी पडले.

तेव्हा उंदीर मागवण्याआधी एका वाक्यात लिहून काढावे: कोणते जनुक, कोणत्या पेशींत, कोणत्या वयात आणि स्मृतीच्या कोणत्या टप्प्यासाठी. शिकणे, साठवणे आणि आठवणे हे तीन निरनिराळे टप्पे आहेत. साठवणीचा प्रश्न असेल तर शिकण्याच्या वेळी जनुक शाबूत असून नंतर निकामी व्हायला हवे. अशा वेळी टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच काम करू लागणारे क्री वापरता येते. मेंदूच्या अगदी लहान भागापुरता प्रश्न असेल, तर लॉक्सपी बसवलेल्या प्रौढ उंदराच्या त्या भागात क्री वाहून नेणारा निरुपद्रवी विषाणू सुईने सोडता येतो. जनुक काढण्याऐवजी वाढवताही येते: १९९९ मध्ये त्सिएन यांच्याच गटाने एनआर-टू-बी हा ग्राहीघटक अधिक बनवणारे उंदीर तयार केले आणि ते अनेक चाचण्यांत अधिक चांगले शिकले, पण पुढे २००१ मध्ये त्याच प्रकारच्या उंदरांत दीर्घकाळ चालणारी वेदनाही वाढलेली आढळली. डीएनए हवे तेथे कापणाऱ्या क्रिस्पर या तंत्रामुळे २०१३ पासून नवा उंदीर काही महिन्यांत घडवता येतो हे खरे असले, तरी माझा आग्रह असा, की पहिल्या प्रकल्पासाठी आधी तपासला गेलेला वंशच मिळवावा. नवा उंदीर घडवणे हा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तोच तुमची दोन वर्षे खाऊन टाकील.

वंशाची पार्श्वभूमी

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रयोगशाळेतील उंदरांचे वंश एकमेकांपासून फार वेगळे असतात, आणि स्मृतीच्या कामात बहुधा सी-५७-ब्लॅक-६ हा काळा वंश वापरतात, कारण तो हौदात चांगला शिकतो आणि पांढऱ्या पाण्यात काळे शरीर कॅमेऱ्याला स्पष्ट दिसते. मात्र त्याच्याही दोन शाखा आहेत. जे शाखेत चयापचयाशी संबंधित एनएनटी हे जनुक बिघडलेले आहे, तर एन शाखेत आरडी-८ नावाचा दृष्टिपटलाचा दोष आहे. त्यामुळे बदल एका शाखेत आणि तुलनेचे उंदीर दुसऱ्या शाखेतले, अशी भेसळ कधीही करू नये. एफव्हीबी आणि सी-३-एच या वंशांत आरडी-१ हा दोष असतो व ती पिल्ले आईचे दूध सुटण्याच्या सुमारास आंधळी झालेली असतात.

हा धडा मी महाग किमतीला शिकलो. मिश्र वंशाच्या उंदरांवर आम्ही हौदाची चाचणी केली, जनुक नसलेल्या गटाची रेघ आलेखावर सुंदरपणे वर राहिली, आणि आम्ही तीन आठवडे त्या रेघेवर बोलत होतो. मग दिसणाऱ्या चौथऱ्याची चाचणी घेतली. चौथरा पाण्यावर, त्यावर उठून दिसणारी झेंडी, आणि तरीही चार उंदीर त्याच्या अगदी जवळून पोहत निघून गेले. झेंडीच्या बाजूला त्यांनी मानही वळवली नाही. त्यांच्या डीएनएची तपासणी केल्यावर चौघांतही आरडी-१ च्या दोन्ही प्रती सापडल्या, आणि चौघांपैकी तिघे योगायोगाने जनुक नसलेल्या गटात होते. ती रेघ आम्ही पुसून टाकली.

वंश एकसारखा करण्यासाठी बदल असलेल्या उंदराचा सी-५७ शी पुन्हापुन्हा संकर करतात. साधारण दहा पिढ्यांनंतर तो वंश शुद्ध मानला जातो, आणि एका पिढीला जेमतेम दहा आठवडे धरले तरी या कामाला दोन वर्षे लागतात. दहा पिढ्यांनंतरही बदललेल्या जनुकाच्या शेजारचा डीएनएचा पट्टा मूळ वंशाचाच राहतो, कारण तो जनुकाबरोबरच पुढे जातो. दिसलेला परिणाम त्या शेजाऱ्याचा नाही ना, ही शंका मनात कायम ठेवावी, आणि शक्य असल्यास त्याच जनुकातील दुसऱ्या पद्धतीने केलेल्या बदलावर निष्कर्ष पडताळून पाहावा.

वीण, भावंडे आणि जेलवरचे पट्टे

तुलना नेहमी भावंडांशीच करावी. एका विणीतली पिल्ले एकाच आईच्या दुधावर, एकाच पिंजऱ्यात, एकाच ऋतूत वाढतात. बाजारातून आणलेले सामान्य उंदीर तुलनेला घेतले, तर जनुकाबरोबर या साऱ्या गोष्टीही बदलतात. जनुकाची एक प्रत बिघडलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर सरासरी चारांत एका पिल्लाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात. म्हणजे असे १२ उंदीर हवे असतील तर सुमारे ४८ पिल्ले लागतात, आणि १२ नर व १२ माद्या स्वतंत्रपणे हव्या असतील तर सुमारे ९६. सी-५७ ची मादी एका विणीत साधारण सहा ते आठ पिल्ले देते, तिचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो, पिल्ले २१ व्या दिवशी वेगळी करतात, आणि चाचण्या आठ ते बारा आठवड्यांच्या वयात सुरू होतात. त्यामुळे जोडी लावल्यापासून पहिल्या चाचणीपर्यंत तीन-साडेतीन महिने सहज जातात. सगळी पिल्ले एकाच आठवड्यात हवी असल्याने जोड्या एकाच वेळी लावाव्यात.

क्री असलेल्या वंशात तीन प्रकारचे भावंड-गट ठेवणे योग्य: फक्त लॉक्सपी असलेले, फक्त क्री असलेले, आणि दोन्ही असलेले. क्री एकटेही वर्तनावर परिणाम करू शकते. तो गट वगळणाऱ्याला पुढे उत्तर देता येत नाही. काही क्री-वंशांत क्री बीजपेशींतही गळते आणि मग एखादे पिल्लू साऱ्या शरीरात जनुकाविना जन्मते. म्हणून कापलेल्या तुकड्यासाठी वेगळी पीसीआर तपासणी, म्हणजे डीएनएचा नेमका तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखण्याची तपासणी, ठेवावी.

पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की कानाला बारीक छिद्र पाडतात. त्यातून ओळखीची खूणही होते आणि डीएनएसाठी ऊतीचा कणही मिळतो. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर सामान्य प्रतीचा पट्टा खाली आणि लॉक्सपी असलेल्या प्रतीचा थोडा वर दिसतो, कारण ती प्रत काही अक्षरांनी लांब असते. दोन्ही प्रती एकेक असलेल्या पिल्लात दोन पट्टे दिसतात, आणि पुष्कळदा त्यांच्याही वर एक फिकट तिसरा पट्टा दिसतो. हा तिसरा पट्टा नवख्याला हमखास गोंधळात टाकतो. तो नवे जनुक नसून, पीसीआर थंड होताना एक लांब आणि एक आखूड धागा एकमेकांना चिकटून झालेली जोडी असते. मधला फुगवटा अडकल्यामुळे ती जेलमधून सावकाश सरकते. प्रत्येक जेलवर डीएनए न घातलेला एक नमुना, आणि ज्यांचा प्रकार पक्का ठाऊक आहे असे तीन नमुने चालवावेत. प्रयोग संपल्यावर प्रत्येक उंदराचा डीएनए पुन्हा तपासावा; पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या बदलल्या जातात, आणि ते त्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही.

परवानग्या

उंदीर येण्याआधी संस्थेची नोंदणी प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए या समितीकडे झालेली असली पाहिजे. या समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीकडे फॉर्म बी मध्ये प्रयोगाचा आराखडा सादर करून मंजुरी घ्यावी, आणि उंदीर जनुकीय बदलाचे असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचीही संमती घ्यावी. समिती संख्येचे समर्थन मागते, आणि ते मागणे रास्तच आहे. किती उंदीर लागतील ते विणीच्या गणितासह लिहावे, कारण ज्या पिल्लांचा जनुकप्रकार प्रयोगाला लागत नाही, तेही या मंजुरीत मोजले जातात आणि त्यांचीही जबाबदारी आपलीच असते.

खोली: पावसाळा, वीज आणि आवाज

परदेशी पुस्तकांत खोलीविषयी दोन ओळी असतात. गोव्यात हा विषय तेवढ्यावर भागत नाही. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत प्राणिगृहाचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के सांगितली आहे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, चिऱ्यांच्या भिंती ओल धरतात, पिंजऱ्यातला भुसा एका रात्रीत दमट होतो आणि खाद्याच्या गोळ्यांना बुरशी येते. दमट भुशात अमोनिया लवकर साठतो, उंदरांचे डोळे व श्वासनलिका चुरचुरतात, आणि वासावर अवलंबून असलेली चाचणी तेथेच बिघडते. म्हणून वातानुकूलन यंत्रासोबत वेगळे आर्द्रताशोषक यंत्र ठेवावे, खाद्य हवाबंद डब्यात थोडे थोडे आणावे, भुसा वापरण्यापूर्वी वाळवून घ्यावा, आणि पावसाळ्यात पिंजरे नेहमीपेक्षा लवकर बदलावेत. खोलीतील तापमान व आर्द्रता रोज दोनदा लिहून ठेवावी. निकालात विचित्र काही दिसले, की ही वही पहिल्यांदा उघडावी लागते.

वीज गेली तर केवळ थंडावा जात नाही, दिव्यांचे घड्याळही बिघडते. उंदीर बारा तास उजेड आणि बारा तास अंधार या चक्रावर जगतो व अंधारात अधिक हालचाल करतो. रात्री वीज परत आल्यावर टायमर चुकीच्या वेळेला सुरू झाला, तर पुढचे कित्येक दिवस त्याची झोप आणि पर्यायाने स्मृती विस्कटते. टायमर बॅटरीवर चालणारा घ्यावा आणि खोलीला जनरेटरची जोड असावी.

आवाजाचा विचार आणखी महत्त्वाचा. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते, उंदराला त्याच्या कितीतरी पट उंच आवाज ऐकू येतात. जुनी ट्यूबलाइट किंवा संगणकाचा पडदा आपल्याला शांत वाटतो, त्याला तो किंचाळत असल्यासारखा भासू शकतो. त्यात चवथीचे फटाके, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुरांसमोर पहाटेपर्यंत चालणारे ध्वनिवर्धक आणि शिगम्याचे ढोल-ताशे यांची भर पडते. हे सण आपल्या जगण्याचा भाग आहेत आणि ते होणारच; म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिका पुढे घेऊन या दिवसांच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस चाचण्यांसाठी बंद ठेवावेत. भीतीच्या स्मृतीची चाचणी मधोमध असताना रात्रभर फटाके वाजले, तर दुसऱ्या दिवशी दिसणारी भीती कोणत्या आवाजाची आहे हे कोणीही सांगू शकणार नाही.

हाताची सवय

चाचणीपूर्वी किमान पाच दिवस प्रत्येक उंदराला रोज दोन-तीन मिनिटे हाताळावे. शेपटीला धरून उचलण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ओंजळीत किंवा छोट्या नळकांड्यात घेऊन उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात. २०१४ च्या एका अभ्यासात पुरुष संशोधकांच्या वासानेही उंदरांवर ताण येतो असे आढळले आहे, म्हणून पूर्ण प्रयोग एकाच व्यक्तीने करावा आणि त्या दिवसांत अत्तर, केसांचे तेल, साबण बदलू नये. चाचणीच्या अर्धा-एक तास आधी पिंजरे त्या खोलीत आणून ठेवावेत.

अनेक चाचण्या करायच्या असतील तर सौम्य आधी आणि त्रासदायक शेवटी, हा क्रम पाळावा: मोकळ्या मैदानातील (म्हणजे मोठ्या, रिकाम्या पेटीतील) हालचाल, वाय आकाराचा तीन फाट्यांचा मार्ग, नव्या वस्तूची ओळख, मग हौद, आणि सर्वांत शेवटी विजेच्या सौम्य धक्क्याची चाचणी. मोकळ्या मैदानाची चाचणी स्मृतीची नसली तरी ती वगळू नये. उंदीर नेहमीपेक्षा मंद किंवा अतिचंचल असेल, तर पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ बदलतो.

हौद

रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेली ही चाचणी मुळात रॅट या मोठ्या उंदरांसाठी होती, आणि ते छोट्या उंदरांहून सरस पोहतात, हे लक्षात ठेवून मापे कमी करावीत. छोट्या उंदरासाठी सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचा हौद घ्यावा, आणि १० सेंटिमीटर रुंदीचा चौथरा पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक सेंटिमीटर ठेवावा. पाणी विषारी नसलेल्या पांढऱ्या रंगाने अपारदर्शक करावे. दुधाची भुकटी घालण्याची पद्धत आहे, पण आपल्या हवेत ते पाणी लवकर नासते. तापमान २० ते २२ अंशांच्या आसपास ठेवावे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी कोमट असते आणि अशा पाण्यात उंदराला बाहेर पडण्याची घाई राहत नाही. तो पाय सोडून तरंगत बसतो. म्हणून पाणी आदल्या रात्री भरून खोली थंड ठेवावी, आणि प्रत्येक फेरीआधी तापमापक बुडवून पाहावा.

भिंतींवर मोठ्या, परस्परांहून वेगळ्या आकृत्या लावाव्यात आणि प्रयोग संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. संशोधक स्वतःही उंदरासाठी एक खूण असतो. त्याने नेहमी एकाच ठिकाणी, शक्यतो पडद्याआड उभे राहावे. उंदराला भिंतीकडे तोंड करून, दर फेरीत वेगळ्या जागेवरून अलगद सोडावे. साठ सेकंदांत चौथरा मिळाला नाही तर हाताने वाट दाखवून तेथे न्यावे आणि पंधरा ते तीस सेकंद तेथेच बसू द्यावे, कारण आजूबाजूला पाहून जागा शिकण्याची त्याची वेळ हीच असते. दिवसाला चार फेऱ्या, असे पाच ते सात दिवस पुरतात. प्रत्येक फेरीनंतर त्याला कोरड्या टॉवेलने टिपून उबदार दिव्याखाली ठेवावे; ओल्या, थरथरणाऱ्या उंदराला पुढच्या फेरीत ढकलणे क्रूर आहे, आणि त्यातून मिळणारा आकडाही खोटा असतो.

केवळ वेळ मोजून थांबू नये, पोहण्याची वाट पाहावी. पहिल्या दिवशी उंदीर कडेला अंग घासत गोल फिरतो. मग तो भिंतीपासून विशिष्ट अंतर राखून गोल मारू लागतो आणि त्यामुळे चौथरा त्याला अपघाताने लागतो. येथे वेळ कमी होते, पण जागा अजून त्याला कळलेली नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सामान्य उंदीर पाण्यात पडताच क्षणभर थबकतो, डोके वर करून भिंतीकडे पाहतो आणि सरळ रेषेत निघतो. ही थबक एकदा पाहिली, की स्मृती असलेला उंदीर कसा दिसतो हे पुन्हा सांगावे लागत नाही.

म्हणून खरी कसोटी शेवटची: शेवटच्या प्रशिक्षणानंतर २४ तासांनी चौथरा काढून घ्यावा आणि उंदराला साठ सेकंद पोहू द्यावे. हौदाचे चार भाग मानले, तर योगायोगाने प्रत्येक भागात २५ टक्के वेळ जाईल; चौथऱ्याच्या भागात त्याहून स्पष्टपणे अधिक वेळ गेला तर त्याला जागा आठवते. चौथऱ्याच्या जागेपासून राहिलेले सरासरी अंतर हे माप याहूनही संवेदनशील आहे. त्याबरोबर पोहण्याचा वेग आणि कडेला घालवलेला वेळ मांडावा, आणि मग दिसणाऱ्या चौथऱ्याची चाचणी घ्यावी. जनुक नसलेला उंदीर झेंडीकडे इतरांइतक्याच वेगाने जातो, पण बुडालेल्या चौथऱ्याची जागा त्याला सांगता येत नाही, असे दिसले तरच स्मृतीविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो.

भीतीची आठवण, आणि इतर चाचण्या

जाळीचा तळ असलेल्या पेटीत उंदराला दोन-तीन मिनिटे फिरू देतात, मग तीस सेकंद एक स्वर वाजवतात आणि त्याच्या शेवटच्या दोन सेकंदांत पायांना सुमारे ०.५ ते ०.७५ मिलिअँपिअरचा धक्का देतात. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत ठेवून तो किती वेळ गोठल्यासारखा स्तब्ध राहतो ते मोजतात. त्यानंतर वेगळ्या आकाराच्या, वेगळ्या वासाच्या पेटीत तोच स्वर ऐकवतात. पेटीची आठवण हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डला (भीतीशी निगडित मेंदूचा भाग) या दोन्हींवर अवलंबून असते, स्वराची मुख्यतः अमिग्डलावर. उंदीर पेटीला घाबरत नाही पण स्वराला घाबरतो, असे आढळल्यास बोट हिप्पोकॅम्पसकडे जाते. दोन्हींना घाबरत नसेल, तर आधी धक्का त्याला जाणवला का हे पाहावे. धक्क्याच्या क्षणी त्याने मारलेली उडी व्हिडिओत असतेच. सी-५७ उंदरांना वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते व उंच स्वर आधी जातात, म्हणून स्वराची चाचणी कोवळ्या प्रौढ वयातच उरकावी.

नव्या वस्तूच्या चाचणीत दोन सारख्या वस्तू दाखवून २४ तासांनी एक बदलतात आणि उंदीर नवीकडे अधिक वेळ हुंगतो का ते पाहतात. येथे वस्तू आणि तळ दर उंदरानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसावेत, अन्यथा आधीच्या उंदराचा वासच मोजला जाईल. वाय मार्गातील चाचणी अल्पकालीन स्मृतीची असून ती आठ मिनिटांत होते. चाळणी म्हणून ती उपयोगी आहे, त्यावर एकट्याने निष्कर्ष उभारू नये.

आकडे

चाचणी घेणाऱ्याला उंदराचा जनुकप्रकार ठाऊक नसावा. पिंजऱ्यांना सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि त्यांची यादी दुसऱ्याच्या कपाटात असावी. कोणता उंदीर वगळायचा, उदाहरणार्थ सलग तरंगत राहणारा, याचा नियम चाचणीच्या आधी लिहून ठेवावा. वर्तनाच्या कामात प्रत्येक गटात दहा ते पंधरा उंदीर साधारणपणे लागतात, पण एकाच विणीतली सहा पिल्ले ही सहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. त्यांची आई एक आहे. विश्लेषणात वीण हा घटक धरावा, आणि नर-माद्यांचे निकाल वेगळे पाहून मगच एकत्र करावेत.

उंदरावरून माणसावर जाताना फार जपून जावे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ या आजाराचे जनुक एका प्रतीत बिघडलेल्या उंदरांचा शिकण्यातला दोष लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने भरून निघाल्याचे २००५ मध्ये दिसले होते. त्याच गटातील सिम्व्हास्टॅटिन मुलांना बारा महिने देऊन झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र लाभ आढळला नाही. उंदरावरील काम त्यामुळे व्यर्थ ठरत नाही, कारण दोष कोणत्या यंत्रणेत आहे ते त्यातूनच कळले. पण आजारी मुलाच्या आईवडिलांना आश्वासन देण्याइतका पुरावा हौदात मिळत नाही, आणि संशोधकाने वर्तमानपत्राशी बोलताना ही मर्यादा स्वतःहून सांगितली पाहिजे.

यादी उघडण्यापूर्वी

शेवटच्या चाचणीनंतर उंदरांना पूर्ण भूल देऊन वेदनेविना मृत्यू द्यावा आणि मेंदू जतन करावेत. अर्धा मेंदू वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या तपासणीसाठी गोठवावा, अर्ध्याचे पातळ काप करून प्रथिन खरोखरच गेले आहे का, आणि ज्या पेशींतून जायला हवे होते तेथूनच गेले का, हे प्रतिपिंडाने रंगवून पाहावे. कानाच्या तुकड्याने जनुक नाही असे सांगितलेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रथिन झळाळताना मी पाहिले आहे. क्रीने त्या उंदरात नीट काम केलेच नव्हते. हे काप पाहून झाल्यावर, आणि कोणता उंदीर गटात धरायचा हे लेखी ठरल्यावरच, दुसऱ्याच्या कपाटातील सांकेतिक यादी उघडावी. उरलेले काप गोठणरोधक द्रावणात उणे २० अंशांवर ठेवावेत, प्रत्येक कुपीवर पेन्सिलने क्रमांक लिहावा कारण शाई अल्कोहोलने पुसली जाते, आणि त्या शीतपेटीलाही जनरेटरची जोड असल्याची खात्री पावसाळा सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी. शोधनिबंधाच्या परीक्षकांचे प्रश्न येतात तेव्हा बहुधा जुलै किंवा ऑगस्ट असतो आणि काप पुन्हा काढावे लागतात.